गुप्तहेराच्या अंगणातली सेलरी

त्या फेब्रुवारीत मी बायकोचं पुस्तक हातात घेतलं नसतं, तर पुढचं काही घडलंच नसतं. एका मुलीचं लग्न मोडायची वेळ आली नसती, आमच्या फायर कंपनीच्या, म्हणजे गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांच्या, सूपमध्ये सेलरीची भाजी कमी पडली नसती आणि साठीच्या उंबरठ्यावर मला त्याच बायकोशी दुसऱ्यांदा लग्न करावं लागलं नसतं. पण बर्फ पडलं होतं, लायब्ररीची गाडी कितीतरी दिवस गावात आली नव्हती आणि माझ्याजवळचे सगळे खून संपले होते.

खून म्हणजे पुस्तकातले. (मला माशी मारायची असली तरी मी बायकोला हाक मारतो.) आयुष्यभर हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणि बिजागऱ्या विकल्यावर, निवृत्तीत मला खुनाच्या कादंबऱ्यांचा नाद लागला. त्यातही भयंकर काही नको. आमचे खून घरगुती. एक छोटं गाव असतं, तिथं एक बेकरी असते, बेकरीवालीचं एक लठ्ठ मांजर असतं. दहाव्या पानावर गावातला सगळ्यांचा नावडता माणूस लिंबाच्या केकमध्ये तोंड खुपसून मेलेला सापडतो आणि पोलिसांना जे जमत नाही ते बेकरीवाली पाव भाजता भाजता शोधून काढते. रक्त कधी सांडत नाही. सांडलाच तर चहा. शेवटी केकची कृती दिलेली असते, म्हणजे वाचकाचा वेळ अगदीच फुकट जात नाही.

अर्लीनची पुस्तकं वेगळी. अर्लीन म्हणजे माझी बायको. तिच्या प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली, वीज-मोटारींशिवाय जुन्या रीतीनं राहणाऱ्या आमिश पंथातली एक मुलगी गव्हाच्या शेतात उभी राहून लांब कुठंतरी बघत असते. तिला एक तरुण आवडतो, त्याला ती आवडते, आणि ही साधी गोष्ट एकमेकांना सांगायला दोघांना तीनशे पानं लागतात. शेवटच्या पानावर चुंबन, तेही कपाळावर.

गंमत म्हणजे खरे आमिश आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच दिसायचे. कुंपणापलीकडे एनोस आणि सलोमी लॅप यांचं शेत. त्यांची घोडागाडी दिवसातून दहादा आमच्या दारावरून टपटपत जायची. अर्लीन भांडी घासताना खिडकीतले आमिश बघायची, हात पुसायची आणि खुर्चीत बसून पुस्तकातले आमिश वाचायची.

"अगं, समोर खरे आहेत की!" मी म्हणायचो.

"खऱ्यांच्या मनातलं दिसत नाही ना," ती म्हणायची.

काय संध्याकाळी होत्या त्या! मध्ये कोळशाची शेगडी, दोन बाजूंना दोन खुर्च्या, हाताशी प्रेट्झेलचं, म्हणजे खारट कुरकुरीत बिस्किटांचं, भांडं. ती अधूनमधून उसासा टाकायची, म्हणजे कुणीतरी कुणाचा तरी हात धरला असावा. मी अधूनमधून "हा सापडला खुनी!" असं ओरडायचो, आणि दर वेळी चुकीचा माणूस निघायचा. आता आठवलं की वाटतं, आयुष्यात मी सगळ्यात सुखी कुठं असेन तर त्या खुर्चीत.

तर खून संपल्यावर मी तिचं एक पुस्तक उचललं. उघड कसं वाचणार? म्हणून माझ्या एका खूनकथेचं वेष्टण त्यावर चढवलं. पहिल्या प्रकरणात मी हसलो. दुसऱ्यात गप्प झालो. पाचव्यात ती मुलगी त्याला न भेटताच घोडागाडी वळवून परत गेली, तेव्हा माझ्या घशात प्रेट्झेल अडकलं.

"कोण मेलं?" अर्लीननं विचारलं.

"अजून कुणी नाही," मी म्हणालो.

"मरणारही नाही. सत्तराव्या पानावर तुझ्या प्रेट्झेलचं मीठ सापडलं मला काल. शेवटी होतं सगळं नीट, डोळे पूस."

त्या दिवसापासून मी दोन्ही प्रकार उघडपणे वाचू लागलो आणि तिथंच घोळ झाला. डोक्यात एका बाजूला खून शोधणारी बेकरीवाली, दुसऱ्या बाजूला गुपचूप लग्न ठरवणारी आमिश मुलगी. दोन्हींचं मिश्रण होऊन मी ठरवलं, की या वर्षी कुठल्या आमिश घरात लग्न आहे ते आपण शोधून काढायचं.

आमच्या भागात हा खेळ जुना. आमिश लोक लग्न ठरलं तरी कुणाला सांगत नाहीत. शरदात चर्चमध्ये जाहीर होईपर्यंत जिभेवर कुलूप. पण लग्नाला येणार तीन-चारशे माणसं, आणि त्यांच्या लग्नाच्या जेवणात सेलरी, म्हणजे ती लांब दांड्यांची भाजी, पाहिजेच. कोंबडीत सेलरी, पांढऱ्या रश्शात सेलरी आणि फुलांऐवजी टेबलावर बरण्यांतही सेलरीच. म्हणजे जुलैत ज्याच्या परसात सेलरीच्या लांबच लांब ओळी, त्याच्या घरी नोव्हेंबरात लग्न. तोंड बंद ठेवता येतं, पण परस झाकता येत नाही.

लॅपांच्या घरी याच सेलरीनं घात केला होता. दोन वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या, एस्तरच्या, लग्नासाठी सलोमीनं सेलरी लावली आणि ती लायब्ररीच्या गाडीतून ब्लांचला दिसली. ब्लांच आमच्याकडे पुस्तकांची गाडी चालवायची. तिच्या पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही; खुनाच्या पुस्तकाचा शेवट ती पुस्तक देतानाच सांगून टाकायची. गावभर झालं. बाजारात, गिरणीत, घोड्यांच्या लिलावात, जो तो एस्तरच्या होणाऱ्या नवऱ्याला चिडवायचा. पोरगं आधीच लाजरं. ते एक दिवस इंडियानातल्या काकाकडे गेलं आणि परत आलंच नाही. सेलरी मात्र बर्फ पडेपर्यंत परसात तशीच उभी होती. सलोमी त्या वाटेनं जायचीसुद्धा नाही.

लॅपांची धाकटी लविना शुक्रवारी आमच्याकडे खिडक्या धुवायला यायची. काम झालं की स्वयंपाकघरात बसून अर्लीनची पुस्तकं वाचायची आणि खो खो हसायची. "घोड्याला असं जुंपतात? ही बाई लग्नाच्या आधी खड्ड्यात जाणार!" हसायची आणि पुढचं पान उलटायची. आम्हाला मूलबाळ नाही. शुक्रवारी घर भरल्यासारखं वाटायचं, एवढं मात्र खरं.

वसंतात अर्लीननं माझ्या टोमॅटोंच्या जागेवर सेलरी लावली. थोडीथोडकी नव्हे, कुंपणापासून कोठारापर्यंत.

"हे कशाला?"

"तुझं ब्लडप्रेशर. सेलरी चांगली असते म्हणे."

"एवढी?"

"तुझं ब्लडप्रेशरही थोडं नाही."

मला सेलरी आवडत नाही. चव पाण्याची, आवाज लाकडाचा आणि दातात अडकते ती दोरी. पण बायकोला माझ्या जिवाची एवढी काळजी, म्हणून मी मुकाट्यानं रोज संध्याकाळी त्या ओळींना पाणी घालायचो. दांडे पांढरे राहावेत म्हणून माती चढवायचो. आणि ते झालं की हात धुऊन, पक्षी बघायची दुर्बीण घेऊन, शेजारपाजारच्या आमिश परसांत कुठं सेलरी दिसते का ते बघायला निघायचो!

(वाचकहो, हसू नका. म्हणजे हसा, पण पुढं ऐका.)

लॅपांच्या परसात वीतभर सेलरी होती, सूपापुरती. ऑगस्टमध्ये मी अर्लीनला गंभीरपणे सांगितलं, "लविनाचं यंदा काही नाही. मी पुरावा तपासलाय."

"असं?" ती विणकामातून मान न उचलता म्हणाली. "तू म्हणतोस म्हणजे नसेलच."

ऑक्टोबरात अर्लीनची बहीण पडली, कमरेचं हाड मोडलं. अर्लीन तिच्याकडे ॲलनटाउनला गेली. जाताना तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. शेगडी विझू देऊ नकोस आणि सेलरीला हात लावू नकोस. पहिली माझ्या लक्षात राहिली.

त्याच आठवड्यात ब्लांच गाडी घेऊन दारात आली. फायर कंपनीच्या वार्षिक सूपाच्या जेवणाची मुख्यही तीच. "क्लेटन, चिकन आहे, मका आहे, सेलरी कुठंच नाही रे! व्यापाऱ्यानं दगा दिला."

मला तर देवच पावला. सबंध हिवाळा चावावी लागणारी ती हिरवी शिक्षा एका दुपारी धर्मादायात जाणार होती. वर पुण्य! "मागे ये," मी म्हणालो.

ब्लांच परसात आली आणि थबकली. "बाई गं! एवढी?"

"माझं ब्लडप्रेशर," मी अभिमानानं म्हणालो.

दुपारभर खपून मी सगळी सेलरी मुळांसकट उपटली, पिकअपमध्ये भरली, फायर कंपनीच्या हॉलवर पोहोचवली आणि घरी येऊन पायरीवर पाय पसरून बसलो. शुक्रवार होता. कुंपणाच्या फाटकातून लविना बादली घेऊन आली. परसाकडे तिचं लक्ष गेलं. बादली तिथंच खाली ठेवली तिनं.

"क्लेटन, सेलरी कुठंय?" (आमिश थोरामोठ्यांनाही नावानंच हाक मारतात, पण या पोरीच्या तोंडी ते नेहमी काकासारखं वाटायचं.)

"दिली फायर हॉलला. सगळी!"

ती पायरीवर माझ्या शेजारी बसली, एप्रनचं टोक तोंडाशी धरलं आणि रडायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

मी निवृत्तीपासून खूनकथांवर जगणारा माणूस. तरी मला समजायला बराच वेळ लागला. टोमॅटोंची जागा. कुंपणापासून कोठारापर्यंत. तू म्हणतोस म्हणजे नसेलच. मी सबंध उन्हाळा दुर्बिणीतून जी सेलरी शोधत होतो तिलाच रोज पाणी घालत होतो.

"तुझी होती?"

तिनं मान हलवली. "आई म्हणाली, आमच्या परसात दिसली तर एस्तरसारखं होईल. मर्व्हिन पण लाजराच आहे. अर्लीन म्हणाली, माझ्याकडे लाव, तिथं कुणाच्या लक्षात येणार नाही."

"आणि माझ्या?"

"तुम्ही लग्नं हुडकत फिरताय म्हणून तुम्हाला सांगायचं नाही, आणि लक्षात तर तुमच्या मुळीच येणार नाही, असं म्हणाली."

हे ऐकून वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. संध्याकाळी लॅपांच्याच चर्चमधल्या बायका मदतीला फायर हॉलवर यायच्या होत्या. लॅपांच्या शेजारच्या घरातून लग्नाएवढी सेलरी आलीय म्हटल्यावर त्या बायकांना दुर्बीण लागली नसती. उद्या मर्व्हिनला बाजारात कुणीतरी खांद्यावर थाप मारली असती, आणि परवा तो इंडियानात. मी पिकअपकडे धावलो. (माझ्या वयाचा माणूस धावतो तसा. लविना चालत माझ्या पुढं पोहोचली आणि तिनं दार उघडून धरलं.)

फायर हॉलमध्ये बायका सुऱ्या घेऊन बसल्या होत्या. एक पेटी चिरून झालीच होती.

"थांबा!" मी ओरडलो. "सेलरी परत पाहिजे!"

सगळ्या सुऱ्या थांबल्या. ब्लांच एप्रनला हात पुसत पुढं आली. "का रे?"

"डॉक्टर म्हणाले, मला रोज खायची आहे."

"एवढी? डॉक्टर माणसांचा आहे की घोड्यांचा?"

"अर्लीन रागावेल."

"अर्लीनला मी सांगते. अरे, गावचं जेवण आहे!" तिनं पेटीवर हात ठेवला, आणि तो हात तिथंच राहिला. मग ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागली. खूनकथा तीही वाचायची. "क्लेटन, एवढी सेलरी माणूस एकाच कारणासाठी लावतो. कुणाचं लग्न आहे?"

मला वाटलं, आता ती खिडकीबाहेर बघणार, पिकअपमध्ये बसलेली पांढरी टोपी दिसणार आणि संपलं. अशा वेळी माझ्या पुस्तकांतल्या बेकरीवालीला काहीतरी चतुर सुचतं. मला जे सुचलं ते असं:

"माझं."

एका बाईच्या हातातली सुरी खाली पडली.

"बायको गावाला गेली आणि तू..."

"तिच्याशीच!" मी घाईघाईनं म्हणालो. "अर्लीनशीच! परत! आमचं लग्न कसं झालं तुला माहीत आहे. मला सैन्यात हजर व्हायचं होतं, न्यायाधीशासमोर उभे राहिलो, बाहेर बर्फ, आणि लग्नाचं जेवण म्हणजे बसस्टँडवर उभ्यानं खाल्लेले हॉट डॉग. तिला कधी मेजवानी मिळालीच नाही. तिला आमिश लग्नं एवढी आवडतात, म्हणून म्हटलं... तशीच मेजवानी द्यावी. गुपचूप."

मी खोटंच बोलत होतो, पण बोलता बोलता त्या बसस्टँडवरची अर्लीन दिसली. उसना कोट, ओठाच्या कोपऱ्याला मोहरीचा पिवळा सॉस लागलेला, आणि तरी हसत होती. माझा आवाज जरा घोगरा झाला. तो काही अभिनय नव्हता.

ब्लांचनं एप्रन डोळ्यांना लावला. "शेवटच्या पानासारखं आहे रे हे," ती म्हणाली. "पोरींनो, भरा त्याची गाडी! सूपात गाजर वाढवा!"

त्यानंतर तिनं हे गुपित कुणालाही सांगितलं नाही, असं मला म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. सेलरी आमच्या तळघरात ओल्या वाळूत उभी राहायच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं. पण लविनाचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळं गाव मला चिडवण्यात गर्क होतं. गिरणीवाला मला "नवरदेव" म्हणायला लागला आणि न्हाव्यानं विचारलं, हुंडा काय मिळतोय. मी लाजून हसायचो. मला इंडियानात काका नव्हता.

चार दिवसांनी अर्लीन आली. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "बसमधून उतरते तोच ब्लांच गळ्यात पडून रडली. क्लेटन, माझं लग्न ठरलंय असं ऐकते. नवरा कोण आहे?"

"मीच."

"अरेरे," ती म्हणाली. मग तिनं तळघरात डोकावून सेलरी बघितली, वर आली आणि माझ्यासमोर बसली. "सांग."

मी सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आणि मग डोळे पुसत म्हणाली, "बसस्टँडवरचं कशाला सांगितलंस त्यांना?"

"खरं होतं ना?"

"हो. मला वाटलं तुला आठवत नसेल."

आता माघार नव्हती. त्या शनिवारी फायर हॉलमध्ये, अग्निशमनाच्या दोन लाल गाड्या बाहेर काढून, आमचं लग्न झालं. अर्लीननं निळा पोशाख घातला होता. मी तळघरातून आणलेले सेलरीचे थोडे दांडे ब्लांचनं फुलदाण्यांत लावले; तळघरात बाकी किती राहिली हे मोजायला कुणी बसलं नाही. पाद्री म्हणाले, आता वधूचं चुंबन घ्या. मी कपाळावर घेतलं. अर्लीनला लगेच समजलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या संध्याकाळी माझं तिच्यावर किती प्रेम होतं, हे पहिल्या लग्नाच्या वेळी मला सांगता आलं नसतं. तेव्हा ते मलाही माहीत नव्हतं. मागे दाराशी सलोमी आणि लविना उभ्या होत्या. सलोमी सहसा हसत नाही. त्या दिवशी हसली.

दुसऱ्याच रविवारी त्यांच्या चर्चमध्ये लविनाचं आणि मर्व्हिनचं जाहीर झालं. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी लग्न लागलं, आणि आम्हाला घरच्यांच्या टेबलावर बसवलं. समोर बरणीत सेलरी, ताटात कोंबडीत सेलरी आणि वाटीत पांढऱ्या रश्शातली सेलरी. सलोमीनं मला स्वतःच्या हातानं तीनदा वाढली. मी तीनदा खाल्ली.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. लविनाची थोरली आता लग्नाच्या वयाची आहे, आणि ती शुक्रवारी आमच्या खिडक्या धुवायला येते. अर्लीनला आता बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून संध्याकाळी मीच तिला वाचून दाखवतो. एक प्रकरण तिच्या आमिश मुलीचं, एक माझ्या बेकरीवालीचं. शेगडी तीच, प्रेट्झेलचं भांडं तेच. खुनी मी अजूनही चुकीचाच पकडतो. ती डोळे मिटून ऐकते आणि दहाव्या पानावर खरा खुनी सांगून टाकते.

या उन्हाळ्यात मी परसात गेलो तर काय, कुंपणापासून कोठारापर्यंत सेलरी! मी मनातल्या मनात हसलो. एकदा फसलो म्हणून दर वेळी फसायला मी काही खुळा नव्हे. मी काहीच बोललो नाही. रोज पाणी घातलं, माती चढवली, एकाही दांड्याला कुणाला हात लावू दिला नाही. काल मात्र राहवेना. पुस्तक मिटून मी अर्लीनला हळूच म्हणालो, "लविनाच्या थोरलीची ना? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"काय?"

"सेलरी."

"नाही रे," अर्लीन म्हणाली. "ती खरंच तुझ्या ब्लडप्रेशरची आहे. डॉक्टर मागेच म्हणाले. तिची यंदा ब्लांचकडे लावलीय, कोठारामागे."

"ब्लांचकडे?" मी खुर्चीतून उठलोच. "तिच्या पोटात काही राहत नाही! सगळ्या गावाला सांगेल ती!"

"लविनाला मीही तेच म्हणाले," अर्लीननं माझ्यापुढं सेलरीची वाटी सरकवली. "तर म्हणाली, ब्लांच फक्त सांगते. वाटून तरी टाकत नाही."